आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी देवासहून मुद्दाम धारला आमच्या भेटीस आला. तेथील औद्योगिक वसाहतीत त्याचे छोटेसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि आठ कामकरी, एवढाच त्याचा पसारा. चहा होताच त्याने पिशवीतून दोन छापील माहितीपत्रके काढून आमच्यापुढे ठेवली. दोन्ही प्रथमोपचाराच्या पेट्यांची होती, एक लहान आणि एक मोठी. "सर, दुकानदार म्हणतो, हिच्यात सगळे काही आहे. यातली कोणती घेऊ?"

आम्ही उलट विचारले, "गेल्या वर्षभरात तुझ्याकडे कोणाकोणाला काय काय लागले?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग बोटांवर मोजू लागला. ग्राइंडरवरचा लोखंडाचा कण डोळ्यांत गेला, असे तिघांचे झाले. पत्र्याच्या धारेने एकाचा तळहात खोल कापला. गंज काढण्यासाठी आम्ल वापरतात, त्याचे शिंतोडे एकाच्या मनगटावर उडाले. "मग तुझ्या या पेटीत डोळ्यांसाठी काय आहे?" त्याने माहितीपत्रक उलटसुलट करून वाचले. डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, मलम होते, लहान चिकटपट्ट्या भरपूर होत्या. डोळ्यांसाठी मात्र काहीही नव्हते.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी जणू अशा पेट्यांसाठीच करून ठेवली असावी. पेटी असते, ती भिंतीवर टांगलेली असते, तिच्यावर ठळक चिन्हही असते. पण जेथे आग लागते तेथे तो बंब पोहोचत नाही.

वास्तविक हे शहाणपण आपल्या घरांना नवे नाही. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून आजीबाईचा बटवा असे, तो आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. घरात तान्हे मूल असले की त्यात वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ यांची वर्णी लागे. मूल मोठे झाले की त्या वस्तू मागे पडत आणि सुंठ, ओवा, हळकुंड पुढे येत. त्यातील प्रत्येक औषध आजच्या कसोटीला उतरेल असे आम्ही म्हणत नाही, आणि भाजल्या-कापल्यावर तर बटव्याच्या भरवशावर मुळीच राहू नये. आम्हांला त्यातली रीत मोलाची वाटते. आजी बटवा बाजार पाहून भरीत नसे, घर पाहून भरीत असे.

आणि गंमत अशी की, आजची प्रथमोपचाराची पेटीसुद्धा मुळात एका विशिष्ट कामाकडे पाहूनच जन्माला आली. अमेरिकेत लोहमार्ग घालणाऱ्या मजुरांना वारंवार अपघात होत, आणि डॉक्टर व रुग्णालय कोसच्या कोस दूर असे. त्यांच्यासाठी १८८८ साली जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने तयार पेट्या काढल्या. त्याआधी, १८७७ साली, इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था निघाली. खाणी, रेल्वे आणि पोलीस यांतील माणसांना प्रथमोपचार शिकवणे हे तिचे आरंभापासूनचे काम. सर्वांच्या परिचयाची ती चिकटपट्टीही अशीच जन्मली. अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थाच्या पत्नीची बोटे स्वयंपाक करताना वारंवार कापत आणि भाजत. तिला एकटीला, एका हाताने बांधता यावी म्हणून त्याने १९२० साली ती पट्टी बेतली. थोडक्यात, स्वयंपाकघर हेही कामाचेच ठिकाण आहे, हे त्या पतीच्या ध्यानात आले.

आपल्याकडील कायद्यानेही या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमात दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी सांगितली होती. ती कामाच्या सर्व वेळांत चटकन हाती लागावी, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार माणसाकडे ती सोपवलेली असावी, आणि ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज तिच्यात दुसरे काहीही ठेवू नये, असेही त्यात होते. शेवटची अट वाचून हसू नये. पेटीत पावत्या, सुतळी आणि तंबाखूची पुडी आम्ही स्वतः पाहिलेली आहे. २०२० ची नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही कामाच्या वेळी सहज हाती येणाऱ्या पेट्यांची तरतूद आहे. परंतु वीजेवर चालणाऱ्या ज्या ठिकाणी २० हून कमी माणसे काम करतात, ते तिच्या दृष्टीने कारखानाच ठरत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे आठ कामकरी या गणतीबाहेरचे. कायदा जेथे येऊन थांबतो तेथून पुढे मालकाच्या विवेकाचे राज्य सुरू होते.

पुढच्याच रविवारी आम्ही इंदूरमार्गे देवासला गेलो. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने नांदली, ते हे देवास. आज तेथे नोटा छापणारा कारखाना आहे, चामड्याचे, यंत्रभागांचे, औषधांचे उद्योग आहेत. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इमारतींतील धोके दोन संस्थानांइतके वेगळे असतात. चामडे कमावताना चुना आणि आम्ले हाताळावी लागतात, म्हणून तेथे पाण्याची सोय ही पहिली पेटी. कोरडा चुना अंगावर सांडला तर तो आधी झटकून काढावा आणि मगच भरपूर पाण्याने धुवावे. शेजारच्या यंत्रशाळेत चुन्याचे नाव नसते. पण तेथे फिरत्या यंत्रात बोट सापडण्याची भीती चोवीस तास असते.

विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही काय योजले ते सांगतो. पहिली गोष्ट पेटीतली नव्हतीच. आम्लाच्या टाकीपासून पाच पावलांवर एक नळ आणि त्याला मऊ रबरी नळी बसवली. डोळ्यांत आम्ल गेले तर डोळा चोळायचा नाही. पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली धरायचा आणि तसेच रुग्णालय गाठायचे. लोखंडाचा कण रुतलेला असेल तर तो काढण्याचा प्रयत्न न करता, डोळ्यावर दाब न येईल असे झाकण ठेवून डॉक्टरकडे जायचे. पेटीत निर्जंतुक सलाईनच्या छोट्या बाटल्या, मोठ्या आकाराच्या जंतुविरहित गॉजच्या घड्या, रुंद बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, हातमोजे आणि दोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या. पिशव्या पाहून एका कामकऱ्याला नवल वाटले. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालतात आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर पाठवतात. बोट थेट बर्फात कधी टाकू नये, हे ऐकल्यावर तो गंभीर झाला.

आता आमच्या धार जिल्ह्याकडे पाहू. बाघ गावी कापडावर ठसे उमटवण्याची प्रसिद्ध कला आहे. तेथे छापलेले कापड तांब्याच्या मोठ्या भांड्यात रंगद्रव्य आणि धावड्याची फुले घालून उकळतात. अशा ठिकाणी डोळ्यांहून भाजण्याचे भय मोठे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार, स्वच्छ पाणी वाहू द्यावे. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी आणि मग स्वच्छ, तंतू न सुटणारे कापड सैलसर टाकावे. तूप, हळद, दंतमंजन किंवा कापूस यांतले काहीही लावू नये. माळव्यातल्या प्रत्येक चौकात सकाळी पोहे-जिलबीची कढई चढते. तेथील हलवायालाही हेच लागू आहे. खाद्यपदार्थांच्या मोठ्या कारखान्यांत चिकटपट्टी निळ्या रंगाची वापरतात. कारण निळ्या रंगाचे खाद्य क्वचितच असते आणि पट्टी सुटून पदार्थात पडली तर ती लगेच दिसते. पापड-मसाल्यांचा घरगुती उद्योग करणाऱ्या आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

शेताचा प्रश्न आणखी निराळा. गव्हाच्या हंगामात थ्रेशर गावोगाव रात्रंदिवस चालतात. त्यांनी इतके हात गिळले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तेथे वाहते रक्त घट्ट दाबून धरण्याजोगी जाड गॉज हवी. चिमूटभर कापसाने भागत नाही. फवारणीच्या दिवसांत पेटीशेजारी साबण, भरपूर पाणी आणि कपड्यांचा एक जादा जोड ठेवावा. औषध अंगावर सांडले की कपडे उतरवून अंग धुवावे. पोटात गेले तर बळेच ओकारी काढू नये, औषधाच्या बाटलीसह माणसाला रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावरची लस शेतातल्या पेटीत ठेवण्याची वस्तू नाही. ती रुग्णालयातच द्यायची असते. म्हणून जखम कापू नये, चोखू नये, वर करकचून आवळू नये. अवयव न हलेल असा आधार देऊन वाहन गाठावे.

याच्या उलट, बँकेत किंवा कचेरीत बसून काम करणाऱ्यांना जखमा क्वचितच होतात. तेथे मधुमेह्याची साखर उतरते, तो शुद्धीवर असेतो त्याला द्यायला ग्लुकोज हवे. कोणाच्या छातीत कळ येते, तेव्हा १०८ क्रमांकाला दूरध्वनी करणे हाच पहिला उपचार.

आणखी एक गोष्ट पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी: त्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या रसायनांची नावे. आपल्याच प्रदेशात, भोपाळमध्ये, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला. सकाळपर्यंत रुग्णालये भरून गेली, तेव्हा हा वायू कोणता आणि यावर उपचार कोणते हे कित्येक डॉक्टरांना सांगणारे कोणी नव्हते. ती आपत्ती एखाद्या पेटीने आवरणारी नव्हती, हे खरे. पण ज्या द्रव्याबरोबर आपण रोज काम करतो त्याचे नाव माहीत असणे हाही प्रथमोपचारच आहे, एवढे तिने शिकवले.

हे सारे आम्ही एवढ्या आस्थेने का सांगतो, त्याचे कारण आता सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही एका शाळेत प्रभारी असताना, प्रयोगशाळेत एका मुलाच्या डोळ्यात आम्लाचा थेंब उडाला. शाळेत पेटी होती. सामान चोरीस जाते म्हणून तिला कुलूप होते, आणि ते घालण्याची आज्ञा आमचीच होती. किल्ली आमच्या टेबलाच्या खणात. एक मुलगा ती आणायला धावला. खणात ती सापडेना. आम्ही सगळे पेटीभोवती उभे राहिलो. पाण्याचा नळ तेथून दहा पावलांवर होता, आणि आमच्यापैकी एकालाही त्याची आठवण झाली नाही. अखेर पेटी उघडली तेव्हा तिच्यात वाळून गेलेले टिंक्चर आणि पिवळी पडलेली पट्टी निघाली. मुलाचा डोळा वाचला, परंतु दृष्टी पहिल्यासारखी झाली नाही. त्याच्या वडिलांनी आम्हांस एक शब्दही उणा बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

किल्ली आणायला धावलेला तो मुलगा म्हणजेच हा देवासचा विद्यार्थी. त्या रविवारी पेटी भिंतीवर ठोकून झाली तेव्हा त्याने सवयीने विचारले, "सर, कुलूप..." आणि वाक्य अर्धेच सोडले. मग दुकानदाराने दिलेले छोटे कुलूप त्याने हातातल्या हातात फिरवले आणि खिशात टाकले.

वाचकहो, हा अंक हाती पडेल त्या आठवड्यात एक काम करावे. घरची, दुकानची, शाळेची जी पेटी असेल ती उघडावी. गेल्या वर्षभरात तेथे कोणाला काय लागले ते आठवून कागदावर लिहावे आणि पेटीतील वस्तू त्या यादीशी ताडून पाहाव्यात. मुदत संपलेले टाकून द्यावे, वापरलेले त्याच दिवशी भरावे आणि पेटी कशी वापरायची हे निदान दोघांना शिकवावे, कारण एकाला लागेल तेव्हा हात दुसऱ्याचेच चालायचे आहेत. ज्या ठिकाणी ही यादीच करता येत नाही, तेथे पेटी किती मोठी घ्यावी हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आणि हो, सर्वांत जवळचा पाण्याचा नळ किती पावलांवर आहे, तेही एकदा मोजून पाहावे.