नाव कुणाचं, हिशेब कुणाचा?

डिजिटल पैशाची गोष्ट सांगायची म्हटलं की सगळे २००८ पासून सुरुवात करतात. सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी नऊ पानांचा निबंध लिहिला आणि त्यातून बिटकॉइन जन्माला आलं. हा नाकामोतो एक माणूस की अनेक, पुरुष की बाई, हे आजही सिद्ध झालेलं नाही. तरी सगळे त्याला ‘तो’च म्हणतात! बुद्धी म्हटली की ‘तो’, हे आपल्याला नवं नाही.

पण आमचं भांडण सर्वनामापुरतं नाही.

बिटकॉइनचा कणा म्हणजे एक साधा विचार: संगणकाला आधी कष्ट करायला लावा, मगच त्याची नोंद माना. तो १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोघांनी मांडला होता, तोही ई-मेलमधल्या नकोशा पत्रांचा पाऊस थांबवण्यासाठी. एक पत्र पाठवणाराला हे कष्ट जाणवू नयेत, लाखभर पाठवणाराला परवडू नयेत. १९९७ मध्ये अॅडम बॅक यांनी अशीच युक्ती स्वतंत्रपणे काढली. नाकामोतोच्या निबंधाखाली आठ संदर्भ आहेत. त्यात बॅक आहेत, ड्वर्क-नाओर नाहीत. शफी गोल्डवासर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये, गुपित न फोडता खरेपणा सिद्ध करण्याची रीत दिली. आज गुप्तता राखणारी काही डिजिटल नाणी तिच्यावरच चालतात. पैशाच्या या गोष्टीत त्यांचं नाव किती जणींनी ऐकलं आहे?

कुणी म्हणेल, पुरुषही विसरले गेलेच की! खरं आहे. नोंदींची साखळी गुंफण्याची कल्पना स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांची, १९९१ची. त्या आठांपैकी तीन संदर्भ त्यांचे आहेत, तरी त्यांना कोण ओळखतं? एकट्या वीराची गोष्ट रचली की बाकीचे सगळे हात पुसले जातात. राबणारी ती आणि सातबारा त्याच्या नावावर, हे जिनं पाहिलं आहे तिला ही रीत लगेच ओळखू येईल.

नावांबरोबर एक प्रश्नही पुसला गेला. तो आपला आहे.

डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्येच विचारलं होतं: पैसा संगणकात गेला, तर कोण कुठे काय खर्च करतं हे कायम कुणीतरी पाहत राहील, त्याचं काय? त्यांचा उपाय असा. नोट कार्बन लावलेल्या पाकिटात घाला, बँकेनं वरून सही करावी. सही आत उमटते, पण नोटेचा नंबर बँकेला दिसत नाही. खर्च करणारीचं नाव झाकलेलं राहतं. पैसे घेणारा मात्र बँकेला दिसतो, म्हणजे लाचखोराला आडोसा नाही. त्यांची कंपनी १९९८ मध्ये बुडाली आणि प्रश्नही मागे पडला. पुढे बिटकॉइन आलं, ते सट्ट्याच्या बाजारात रमलं.

मैत्रिणींनो, डाळीच्या डब्यातले पैसे आठवा. माहेरी जायला, औषधाला, कधी मार चुकवून घर सोडायला जपलेले. २०१६च्या नोटबंदीत ते डबे उघडे पडले. आता खातं तिचं, पण फोन नवऱ्याच्या हातात. तिनं खर्चलेल्या प्रत्येक रुपयाचा संदेश आधी तो वाचतो. ‘व्यवहार पारदर्शक झाले’ म्हणणाऱ्यांना विचारा, कुणाला दिसण्यासाठी?

रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ला ई-रुपयाचा प्रयोग मुंबईसह चार शहरांत सुरू केला. लहान व्यवहारांना रोखीसारखी वाजवी गुप्तता असणं इष्ट, असं बँकेच्याच त्या वर्षीच्या टिपणात म्हटलं आहे. मग ती ‘इष्ट’ का, हक्क का नाही? बचत गटांच्या बैठकीत हा प्रश्न घ्या. तिथे ड्वर्क आणि गोल्डवासर यांची नावंही सांगा. पुसलेली नावं परत लिहू, आणि डब्याचं झाकण आपल्याच हातात ठेवू.