कार्ड कापून प्रश्न सुटत नाही



क्रेडिट कार्ड म्हणजे निव्वळ कर्जाचा सापळा, तेव्हा ते कापूनच टाकावे, असे मत गेल्या अंकातील पत्रात मांडले आहे. व्याजाबद्दलची त्यातली चिंता रास्त आहे. उपाय मात्र पटत नाही.

खरे नुकसान होते ते ‘किमान देय रकमे’मुळे. समजा, बिल ४०,००० रुपयांचे आहे आणि ग्राहकाने किमान २,००० भरले. उरलेल्या ३८,००० वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे २३९. म्हणजे दोन हजार भरूनही कर्ज घटले जेमतेम ४३१ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. हेच बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्याला व्याजापोटी एक पैसाही द्यावा लागत नाही.

कार्डावर एटीएममधून रोकड काढणे टाळावेच. तिथे व्याज पहिल्या दिवसापासून लागते.

निवड करताना हिशोब साधा आहे. वार्षिक शुल्क २,००० रुपये आणि परतावा एक टक्का असेल, तर वर्षाला दोन लाख खर्च झाल्यावर कुठे शुल्क वसूल होते. तेवढी खरेदी नसलेल्या कुटुंबाने बिनशुल्क कार्ड घ्यावे.

आणि कात्री चालवल्याने कार्डाचे खाते बंद होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचे असते. विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. त्यासाठी विनंती लेखी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

— एक वाचक, सातारा