शून्यापासून म्हणजे कुठून?

थ्रीडी प्रिंटर आल्यापासून आम्हा आयटीवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘हाताने व्हॅनचं मॉडेल कशाला बनवायचं? फाइल उतरवून घे, रात्रभर प्रिंट लाव.’ प्रश्न वेळ वाचवण्याचा वाटतो. खरं तर तो बघण्याचं काम टाळण्याचा आहे.

मारुती ओम्नी घ्या. लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०. १:२४ या प्रमाणात ती साधारण १४० बाय ५९ होते. इथवर गणित सोपं. पण खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. त्याला २४ने भागलं तर तो कागदापेक्षाही पातळ होतो. उलट मॉडेलला एक मिलिमीटरचं प्लास्टिक वापरलं, तर खऱ्या मापात ती भिंत २४ मिलिमीटर जाड! म्हणजे तंतोतंत छोटी प्रतिकृती अशी नसतेच. कुठली कड तासायची, सरकत्या दाराची पट्टी किती ठळक ठेवायची, हे कुणालातरी ठरवावंच लागतं. उतरवलेल्या फाइलमध्ये ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं. त्याला ‘शून्यापासून बनवलं’ म्हणू नका. भांडण प्रिंटरशी नाही. स्वतः मापं घेऊन फाइल काढणारा माझ्याच पंगतीतला.

शाळेची पोरं, रुग्ण, भाजीची पोती, सगळं वाहणारी ही गाडी २०१९मध्ये बंद झाली. उरलेल्या एकेक करून भंगारात जाणार. तोवर टेप घेऊन एखादीजवळ बसा. उद्या फाइल उतरवायची असेल, तरी आज कुणीतरी मापं घेतलेली असायला हवीत.