बी.कॉम.च्या मुलीने दगड-माती शिकावी का?



आमच्या इमारतीतली एक मुलगी यंदा बी.कॉम.ला गेली. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता कॉमर्सच्या मुलांनाही स्वतःच्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावा लागतो, त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. "आजी, कुठला घेऊ?" असं तिने विचारलं. यादीत भूविज्ञानाची तोंडओळख होती. मी म्हटलं, हाच घे. तिच्या आईला ते पटलं नाही. "काकू, अकाउंट्सच्या मुलीला दगड-माती शिकून काय करायचंय? आणि त्यात ते पृथ्वीचं वय वगैरे शिकवणार, मग पाठशाळेत शिकलेलं सगळं खोटं म्हणायला लागेल." जिन्यात उभं राहून एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मीही बी.कॉम.च. डेबिट-क्रेडिटपलीकडे विज्ञानाशी संबंध दहावीत संपला. गेल्या वर्षी 'स्वयम' पोर्टलवर बारा आठवड्यांचा भूविज्ञानाचा प्राथमिक कोर्स केला. शिकणं मोफत, परीक्षा द्यायची असेल तर शुल्क. दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो आणि त्याचे गुण शेवटच्या निकालात धरतात. दुपारची झाकपाक झाली की मी तासभर बसत असे. संध्याकाळचं जेवण आमच्याकडे सूर्यास्ताआधी होतं, त्यामुळे तास म्हणजे तासच, वर एक मिनिट नाही.

काय मिळालं ते सांगते. पहिलं म्हणजे आपण कशावर उभे आहोत ते कळलं. ठाकुर्ली, कल्याण, मलंगगडाचे डोंगर, मुंब्र्याचा डोंगर, सगळं बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, थरावर थर. आजही तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. १९१६ साली सुरू झालेला पारसिकचा बोगदा याच कातळातून काढलाय. २०२२ पर्यंत फास्ट लोकलने आपण रोज त्यातून जायचो आणि खिडकी बंद करायचो.

आपल्या ठाकुर्लीचं जुनं पॉवर हाउस घ्या. रेल्वे विजेवर चालवण्यासाठी १९२९ मध्ये इथे चोळा वीजकेंद्र उभं राहिलं. त्याला लागणारं पाणी उल्हास नदीचं, पण कोळसा मात्र लांबून आणायचा. का? तर कोळसा व्हायला गाडली गेलेली जुनी जंगलं लागतात, गाळाचे खडक लागतात. ते आपल्या राज्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे आहेत. इथे लाव्हाच लाव्हा. इतकी वर्षं पॉवर हाउसवरून जाते-येते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कोर्सचा मोठा फायदा मला हाच वाटतो, की प्रश्न पडायला लागतात.

स्वयंपाकघरातही पडतात. पाटा-वरवंटा बेसॉल्टचा. लाव्हा पटकन थंड झाल्याने त्याचे कण बारीक राहतात, म्हणून तो घट्ट, आणि म्हणूनच अधूनमधून टाकी लावून घ्यावा लागतो. खरा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, त्याचे दाणे डोळ्यांना दिसतात. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती त्या ग्रॅनाइटची, आणि मांगीतुंगीची २०१६ साली प्रतिष्ठापना झालेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती आपल्या बेसॉल्टची. वेरूळची जैन लेणीही बेसॉल्टचीच. कडाप्पा हा चुनखडकातला. म्हणून ओट्यावर लिंबू सांडलं की कडाप्प्याची चमक जाते, ग्रॅनाइटची जात नाही. हे मला नव्या सुनेने विचारलं असतं तर आधी मी "पुसून घे" एवढंच सांगितलं असतं.

आता हिशेबाचं. कॉमर्सवाल्यांना हा विषय जड जातो असं म्हणतात, मला उलटं वाटलं. मोठ्या आकड्यांना आपण घाबरत नाही. एक वर्ष म्हणजे एक रुपया धरा. पृथ्वीचं वय ४६० कोटी रुपये. आपला कातळ साडेसहा कोटींच्या आसपास. महावीर भगवंतांच्या निर्वाणाला झाले अडीच हजार रुपये. आणि माझं वय, पाकिटातली चिल्लर! प्राध्यापक हे समजवायला चोवीस तासांचं घड्याळ वापरत होते. मला रुपयांनी लवकर कळलं.

पण तिच्या आईला मी सगळ्यात आधी सांगेन ती गोष्ट बोअरवेलची. मागच्या सर्वसाधारण सभेत आमच्या सोसायटीत बोअर मारायचा ठराव आला. खर्च प्रत्येक फ्लॅटवर. कारण काय दिलं? "शेजारच्या प्लॉटला पाणी लागलंय." जागा ठरवायला पाणाड्या येणार, तळहातावर नारळ घेऊन. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. कोर्समधले भूजलाचे दोन आठवडे माझ्या डोक्यात ताजे होते. वाळूत पाणी सगळीकडे मुरतं, बेसॉल्टचं तसं नाही. एकसंध कातळात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि लाव्हाचे दोन थर जिथे भेटतात तिथे. शेजारच्या बोअरला भेग सापडली म्हणून वीस फुटांवर आपल्याला सापडेलच असं नाही. शिवाय खाडी जवळ आहे, पाणी मचूळ निघण्याची भीती वेगळीच. मी उठून एवढंच म्हटलं, की आधी भूवैज्ञानिकाकडून पाहणी करून घ्या. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून रोध मोजतात, त्यावरून खाली काय असेल याचा अंदाज येतो. खात्री तीही देत नाही, पण नारळापेक्षा बरी. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोथी सोडून भलतंच काही वाचायला घेतलंय. ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबलाय, निर्णय अजून व्हायचाय. पण पावती फाडण्याआधी प्रश्न विचारणारं एक माणूस तरी सभेत होतं. अकाउंट्सच्या मुलीला हेच तर शिकायचं असतं ना?

आणि हे पैशांपुरतंही नाही. मुसळधार पावसात डोंगरउतारावरची झिजलेली माती पाण्याने जड होते आणि सुटते. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. नावं पाठ आहेत आपल्याला, कारण ठाऊक नसतं. उल्हास नदी बोरघाटाच्या माथ्याकडून येते. तिकडे कोसळला की काही तासांत इकडे पाणी चढतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढावे लागले. डोंबिवली-कल्याणात फ्लॅट बघताना आपण वास्तू बघतो, दिशा बघतो, मंदिर किती लांब ते बघतो. नदीचा पूर कुठवर येतो हे कोण विचारतं?

आता धर्माचं. हा मुद्दा टाळून चालणार नाही, आईची खरी काळजी तीच आहे.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतो. तिसऱ्या दिवशी तिसरा, त्यात जंबूद्वीप, मेरू, क्षेत्रं, पर्वत. कोर्समधली पृथ्वी वेगळी आहे. हे दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही. "भूखंड सरकतात हे आपल्या शास्त्रात आधीच होतं" असे फॉरवर्ड येतात ते मला मुळीच आवडत नाहीत. त्यात शास्त्राचा मान नाही आणि विज्ञानाचाही. वेगेनर यांनी १९१२ मध्ये भूखंड सरकतात म्हटलं, तेव्हा बहुतेक जाणकारांनी ते नाकारलं. पुरावे साठत गेले आणि १९६०च्या दशकात तेच मान्य झालं. विज्ञान स्वतःची वही अशी खोडत-लिहीत जातं, तोच त्याचा गुण. त्या वहीला आपली श्रद्धा टाचणीने टोचून ठेवली तर पान बदलेल तेव्हा फाटणार आपणच. मुलीने परीक्षेत कोर्सचं उत्तर लिहावं आणि पर्वात सूत्र वाचावं. मला त्यात अडचण आली नाही.

उलट एक वेगळंच झालं. पृथ्वीकायाचे छत्तीस प्रकार लहानपणी पाठ केले होते: माती, वाळू, शिळा, मीठ, लोखंड, तांबं, सोनं, हिंगूळ, हरताळ, अभ्रक. तेव्हा ती नुसती नावं होती. कोर्समध्ये खनिजांची चित्रं आली आणि मी हरताळ पहिल्यांदा पाहिला, पिवळाधमक. आता प्रतिक्रमणात पृथ्वीकायिक जीवांची क्षमा मागते तेव्हा डोळ्यांसमोर काहीतरी असतं. डोंगर पोखरून डबर आणि खडी काढलेल्या खाणी दिसल्या की पूर्वी धुळीचा त्रास वाटायचा, आता पोटात कालवतं. श्रद्धा कमी झाली की वाढली, हे तिच्या आईने ठरवावं.

कोर्समध्ये सगळं छान आहे असं नाही. भाषा इंग्रजी. उदाहरणं परदेशी. ग्रँड कॅन्यन किती वेळा आली! अहो, आपल्याकडे अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, लाव्हाचे उभे खांब, रिक्षाने जाता येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं आहेत, तिथलं पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं, खाली ज्वालामुखी नाही. लोणार आहे, उल्का पडून बेसॉल्टमध्ये झालेलं सरोवर. कॉलेजांनी हा विषय ठेवला आहे तर मुलांना निदान मुंब्र्याचा डोंगर दाखवावा, नाहीतर तो गुण मिळवण्याचा आणखी एक पेपर होईल. स्फटिकांचे प्रकारही मला फार रटाळ वाटले, ते तिला आधीच सांगून ठेवलंय. इंग्रजी शब्द अडले की मी मराठी विश्वकोश उघडायची. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि 'अग्निज', 'रूपांतरित' असे शब्द तिथे नीट समजावलेले आहेत.

'स्वयम'ची सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. घरी बसलेल्या माझ्या वयाच्या बायकांनाही नाव घालता येतं, दाखला-मार्कशीट कोणी मागत नाही. ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या कोणी करणार असाल तर कळवा. माझ्या दोन वह्या भरलेल्या आहेत, मराठीत लिहिलेल्या, त्या देईन. स्फटिकांची पानं मात्र कोरीच आहेत.