नाव पंचेचाळीस, माप भलतंच

मंडळी, या शनिवारचा विषय जरा आडवळणाचा आहे. बंदूक! घाबरू नका. मी आयुष्यात फक्त जत्रेतली फुगे फोडायची बंदूक धरलीय, आणि तिनेही माझी इज्जत काढली होती. पण गेले दोन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी काडतुसांच्या डायबद्दल वाचत बसतोय आणि माझं एक ठाम मत बनलंय. ते इथे लिहून टाकतो, म्हणजे सोमवारी हापिसात डोकं रिकामं.

झालं असं की माझा खामगावचा मामा पंचवीस वर्षांपूर्वी टेक्सासला गेला आणि तिथलाच झाला. तिकडे त्याला जुन्या बंदुकांचा नाद लागलाय. त्याच्याकडे एक .४५-७० ची रायफल आहे. हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये घेतलं. .४५ म्हणजे गोळीची जाडी इंचात, आणि ७० म्हणजे मागे भरलेली काळी दारू, ७० ग्रेन. मामा शिसं वितळवून साच्यात ओततो, गोळ्या घरीच करतो आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतो. याला म्हणतात रीलोडिंग. (आपल्याकडे हे उद्योग करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. मामाकडे तो छंद आहे, आपल्याकडे तो गुन्हा आहे.)

तर मामाचा फोन. "भाच्या, तू मेकॅनिकलवाला ना बे? शेगावले चार वर्षं काय केलं मंग?"

आता मी शेगावला काय केलं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मेकॅनिकल करून आयटीत आलेल्या माणसाला हा प्रश्न लागतोच. पण मामाची अडचण खरी होती. पन्नास यार्डांवरच्या कागदावर त्याच्या गोळ्या आडव्या पडत होत्या. गोल भोकाच्या जागी आख्ख्या गोळीची लांबुडकी खूण! आणि नळीच्या आतून शिशाचा मुलामा. अर्धा दिवस नेम, मग अख्खा रविवार खरवडणं.

डायचा सेट नवाकोरा होता. खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं: .४५-७०. मग चुकलं कुठे?

आधी डाय काय करतात ते थोडक्यात. असे साधारण तीन असतात. पहिला डाय, उडवल्यावर फुगलेली पुंगळी बाहेरून दाबून परत मापात आणतो. दुसरा तिचं तोंड आतून जरा मोठं करतो. तिसरा गोळी आत बसवतो आणि तोंडाची कड तिच्यावर वळवतो. नेहमीचे सेट तांब्याचं कवच असलेल्या आजच्या गोळ्या डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. त्या गोळीची जाडी .४५८ इंच. तिला पुंगळीने घट्ट धरावं म्हणून दुसऱ्या डायमधला दांडा मुद्दाम थोडा बारीक ठेवतात. कवचाची गोळी ही मिठी सहन करते.

मामाची गोळी होती मऊ शिशाची, आणि जाडी .४६० इंच. घट्ट पितळात मऊ शिसं ढकललं तर कोण दबणार? शिसंच. म्हणजे ज्या पुंगळीने गोळीला सांभाळायचं, तीच तिच्यासाठी डाय बनते आणि तिला आवळून टाकते. वर तोंडाची धार गोळीची साल काढते ती वेगळीच.

मी त्याला सांगितलं, मामा, अंदाज नको, मोजू. त्याने दारू आणि प्रायमर न घालता एक नकली काडतूस केलं, गोळी परत उपसली आणि मायक्रोमीटर लावला. .४५७! मग नळीतून मऊ शिशाचा एक तुकडा ढकलून काढला. खाचांचं माप .४५९. गोळी खाचांपेक्षा एक थाऊ जाड हवी, असा जुन्या लोकांचा दंडक आहे. ही होती दोन थाऊ बारीक. वर्कशॉप विसरलेल्यांसाठी: थाऊ म्हणजे हजारांश इंच, साधारण २५ मायक्रॉन. दोन थाऊ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्या फटीतून तापलेला वायू सुसाट पुढे निघतो, शिसं वितळवतो आणि नळीला थापतो. गोळीलाही खाचांची नीट पकड मिळत नाही, मग ती फिरणार कशी आणि सरळ जाणार कशी?

आता माझं मत. नाव म्हणजे माप नव्हे. हे जग या बाबतीत आपल्या प्रोजेक्टपेक्षाही अवली आहे. .३८ स्पेशलची शिशाची गोळी असते .३५८. .४४ मॅग्नमची .४२९ च्या आसपास. .३०३ ची .३११ च्या पुढे. कुठे नाव पुंगळीच्या जाडीवरून पडलं, कुठे खाचा पाडण्याआधीच्या नळीवरून. नावं राहिली, मापं सरकली. 'फायनल' नावाच्या फाइलीनंतर 'फायनल नवीन' उघडणाऱ्या आपण लोकांनी तरी यावर हसू नये.

दुसरं, 'सगळे हाच घेतात' हा निकष जुन्या वस्तूला लावू नये. नेहमीचा सेट वाईट मुळीच नाही, तो ज्याच्यासाठी केलाय त्याला उत्तमच आहे. तसंच महागाचं. कार्बाइडच्या डायमध्ये पुंगळीला तेल लावावं लागत नाही, म्हणून लोकांना त्याचा मोह. पण आतलं कडं असतं सरळ, गोल. .४४-४० सारख्या जुन्या पुंगळ्या वर किंचित निमुळत्या आणि गळ्याशी आवळलेल्या. तिथे ते कडं काय करणार? तिथे साधा पोलादी डाय आणि बोटभर तेल. जास्त पैसे, कमी उपयोग!

मामाच्या क्लबातले म्हणाले, शिसं कडक कर, कथील-अँटिमनी वाढव. कडक गोळी कमी दबेल हे खरं. पण या जुन्या काडतुसांत दाब कमी असतो, आणि मऊ गोळी मागून दाब आला की फुगून खाचा भरते. तो गुण घालवून डायची चूक झाकायची? याला आमच्याकडे पॅच म्हणतात.

मला राहून राहून आठवले ते आबा, माझ्या आईचे वडील. खामगावच्या चांदीच्या बाजारात त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्याकडे तार ओढायची, ओळीने लहान होत गेलेल्या भोकांची पोलादी पट्टी होती. ती पट्टी म्हणजे डायच की! ते एकेक भोक उतरत जायचे, मध्येच तार तापवून मऊ करायचे. लहानपणी मी एकदा दोन भोकं गाळून तार ओढली आणि तुटली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चांदीले इचार ना, पट्टीले काय इचारतं?" पितळही तसंच. दर वेळी जास्त आवळा, पुन्हा जास्त पसरवा, की ते कडक होतं आणि तोंडाशी चिरतं.

म्हणून क्रम असा हवा: आधी नळी मोजा, मग गोळी ठरवा, मग डाय. आणि एक माप कधीच विसरू नका, ते म्हणजे काडतूस बसतं त्या घराचं. जाड गोळीने भरलेल्या पुंगळीची मानही जाड होते. घर आवळ असेल तर गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. दीडशे वर्षांपूर्वीचं पोलाद आणि त्याच्यामागे वीतभर अंतरावर आपला डोळा. इथे 'चलता है' चालत नाही. शेगावला जाताना गाडी वरणगाववरून जाते. तिथल्या आयुध निर्माणीत १९६४ पासून काडतुसं बनतायत. कारखान्यात तपासणाऱ्यांची फौज असते. घरातल्या टेबलावर ते सगळे खाते आपणच.

मामाने घराचं माप घेतलं, जागा पुरेशी निघाली. मग शिशाच्या गोळीसाठीच केलेला, दोन पायऱ्यांच्या दांड्याचा डाय घेतला. लायमनवाले त्याला 'एम' डाय म्हणतात. आरसीबीएसचा 'काउबॉय' सेटही शिशासाठीच असतो. पुन्हा नकली काडतूस, पुन्हा उपसणं. .४६०. जशीच्या तशी.

परवा त्याने कागदाचा फोटो पाठवला. भोकं अजून विखुरलेली आहेत, पण गोल आहेत. विखुरलेली का, असं विचारलं तर म्हणाला, "ते माह्या हाताचं हाय, त्याले डाय नाही भेटत."

असो. उद्या रविवार. मी आमच्या सिस्टिममधल्या 'रक्कम' नावाच्या कॉलममध्ये रुपये आहेत की पैसे, हे एकदा उघडून बघणार आहे. तुम्हीही बघा.