गाणं अडखळतंय? फोन खिशातून काढा!

शनिवारी सकाळी सोलापूरहून पुण्याला निघालात, मोहोळ मागे पडलं आणि गाणं तुकड्या-तुकड्यांत यायला लागलं. वैताग नुसता! पण लगेच स्टिरिओला दोष देऊ नका. आधी फोनमध्ये डाउनलोड केलेलं एखादं गाणं लावा. ते नीट वाजलं तर ब्लूटूथ बिचारं निर्दोष, हायवेवरचं नेटवर्क दोषी.

तेही अडखळतंय? मग फोन आहे कुठे? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर म्हणजे बहुतांश पाणीच. म्हणजे मागच्या खिशातल्या फोनवर तुम्ही चक्क बसलाय! तो डॅशबोर्डवर ठेवा. मागच्या सीटवरच्या मित्राला हॉटस्पॉट दिलाय? तोही अनेकदा त्याच २.४ वर असतो. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलत वाट काढतं खरं, पण गर्दीत तेही दमतं. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाका. बॅटरी सेव्हर बंद करा. तरीही तेच, तर फोन आणि कार दोन्हीकडची जोडणी पुसून नव्याने पेअर करा.

मात्र हे सगळं गाडी बाजूला घेऊनच हं! ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद स्क्रीनकडे बघितलं की गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते. आणि गाळपाच्या सीझनमध्ये टेंभुर्णीच्या आसपास पुढे उसाची ट्रॉली असू शकते, टेललाइट नसलेली.