शेवटच्या खांबावरची लाइन



मे महिना सरत आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे दुपारनंतर आभाळ भरून येते. वारा सुटतो, फांद्या तारांवर घासतात आणि लाइन जाते. तासा-दोन तासांनी ती परत येते. दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गर्दी होते. कुणाच्या हातात टीव्ही असतो, कुणाच्या पिशवीत सेट टॉप बॉक्स, कुणाच्या खिशात जळका चार्जर. "वीज पडली असेल," असे दुकानदार म्हणतो आणि आपणही मान डोलावतो, कारण निसर्गापुढे कुणाचे काय चालणार?

पण एकाच रात्री एकाच ओळीतल्या आठ-दहा घरांच्या वस्तू जळाल्या, तर आधी संशय आभाळावर घेऊ नये. आधी खांबावरच्या न्यूट्रल तारेवर घ्यावा. पडलेल्या विजेबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही, तुटलेल्या न्यूट्रलबद्दल विचारता येतो. म्हणून हा फरक प्रत्येक घरातल्या माणसाला कळला पाहिजे.

आपण ज्याला डीपी म्हणतो, त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरगुती केली जाते. तिथून वस्तीकडे मुख्यतः चार तारा निघतात, तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट असतात. आपले घर त्यावर चालते. पण एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत सुमारे ४०० व्होल्ट असतात. तुमचे घर एका फेजवर आणि शेजाऱ्याचे दुसऱ्या फेजवर असते, न्यूट्रल मात्र दोघांची एकच. ही न्यूट्रल खांबावर तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर दोन्ही घरे एकामागे एक अशी ४०० व्होल्टमध्ये अडकतात आणि ते व्होल्ट दोघांत वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. समजा, शेजारी १००० वॅटची शेगडी सुरू आहे आणि तुमच्याकडे फक्त १०० वॅटचा बल्ब. हिशेब केला तर शेगडीच्या वाट्याला जेमतेम ३६ व्होल्ट येतात आणि तुमच्या बल्बच्या वाट्याला ३६० च्या वर. ज्याच्या घरी काटकसरीने एक दिवा आणि एक टीव्ही सुरू असतो, त्याचेच जळते. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला तेव्हा वाटले, या व्यवहारातसुद्धा गरिबाच्याच खात्यावर नावे पडते.

याची खूण सोपी आहे. एका घरातले दिवे एकदम पांढरेफटक होतात, पंखा भणाणू लागतो, आणि त्याच वेळी शेजारचे दिवे मिणमिणतात. असे दिसले की टीव्ही बंद करू का फ्रिज, हा विचार करत बसू नये. मेन स्विच पाडावा, शेजाऱ्यालाही हाक मारावी, आणि लाइनमनला "लाइन कमी-जास्त होते" असे मोघम न सांगता "न्यूट्रल गेलेली दिसते, काही घरांत जास्त आणि काही घरांत कमी येते" असे सांगावे. टोल फ्री क्रमांक १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा. तार पडलेली असेल तर तिच्या जवळपास कुणाला फिरकू देऊ नये. काठीने तार सरकवणारे शूर वीर प्रत्येक वस्तीत एखादा तरी असतो, त्याला आवरणे हेही समाजकार्यच आहे.

आता बाजारात मिळणाऱ्या वस्तूंविषयी. मोठ्या रकमेची चूक आपल्याकडून इथेच होते. 'स्पाइक गार्ड' म्हणून जी लांब पट्टी मिळते तिच्या आत शर्टाच्या बटणाएवढी एक चकती असते. क्षणाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ येणारा विजेचा फटका ती स्वतःवर घेते. पण ३५० व्होल्ट पाच मिनिटे येत राहिले, तर ती चकतीच जळते आणि मागून टीव्ही. काही पट्ट्यांत तर ती चकतीही नसते, नुसताच लाल दिवा असतो. एमसीबी ही वायरिंगसाठी असते. तार तापली किंवा शॉर्ट झाले तर ती पडते. व्होल्ट किती आले हे तिला कळत नाही. आरसीसीबी माणसासाठी असते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अंगातून करंट जाऊ लागताच लाइन तोडते, जीव वाचवते, पण टीव्ही वाचवत नाही. न्यूट्रल जाण्यापासून घर वाचवायचे तर मीटरनंतर बसवायचा 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' मागावा. व्होल्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो लाइन तोडतो आणि परत ठीक झाले की थोडा वेळ थांबून जोडतो. सगळ्या घराला एकच पुरतो. फ्रिजला स्टॅबिलायझर घेत असाल तर त्यात जास्त व्होल्टला बंद पडण्याची आणि तीन मिनिटे थांबून सुरू होण्याची सोय आहे का, हे विचारा. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर लगेच सुरू करायला गेला तर आतल्या दाबामुळे अडतो आणि त्याची गुंडाळी जळते.

बचत गटाचे कर्ज काढून फ्रिज घेणाऱ्या भगिनी मला ठाऊक आहेत. हप्ते फिटायच्या आत फ्रिज जळाला तरी हप्ता थांबत नाही. तेव्हा फ्रिजच्या अंदाजपत्रकातच प्रोटेक्टर आणि अर्थिंग ही दोन कलमे धरावीत, आणि पैसे कमी पडत असतील तर लहान फ्रिज घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थिंगशिवाय वरची अर्धी साधने लंगडी आहेत. आणि अर्थिंग हे टीव्हीपेक्षा माणसासाठी जास्त आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४७ च्या पलीकडे जातो, घरोघरी पत्र्याचे कूलर असतात. पत्रा, पाणी, ओले हात, आणि दोन पिनांची वायर! विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, त्यात लहान मुले आणि पाणी भरणाऱ्या आयाबाया असतात. टीव्ही परत घेता येतो. कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी तार जोडलेली असावी, पिन तीन पायांची असावी, आणि पाणी भरताना बटन नुसते बंद न करता पिन काढावी.

अर्थिंग म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. घराच्या भिंतीपासून दीड मीटर दूर, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे, वर पाणी ओतायला तोंड ठेवायचे. आपल्याकडची मुरमाड जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी होते, तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओतत राहावे, नाहीतर अर्थिंग असून नसल्यासारखे. काम झाल्यावर वायरमनला मीटर लावून तपासायला सांगावे. न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून "झाले काम" म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावे. आणि न्यूट्रल गेली म्हणून अर्थिंगवर किंवा हातपंपाच्या पाइपवर दिवा चालवणे तर कुणीच करू नये. पाइपात करंट उतरला की पाण्याला गेलेली बाई कुणाचीही असू शकते.

२०२१ मध्ये १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळासाठी महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आणली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, भरून वीजजोडणी देण्याची ती योजना होती. अर्जासोबत अधिकृत विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागत होता. जोडणी कुठल्याही योजनेतून घेतलेली असो, आपल्या घराच्या अहवालाची प्रत जपून ठेवा आणि एकदा अंगणात जाऊन पाहा. अहवालावर सही झाली म्हणजे खड्डा झाला असे नव्हे.

खऱ्या आकाशातल्या विजेपासून वाचायचे तर उपाय एकच आहे. पहिला गडगडाट ऐकू येताच पिना बोर्डातून काढून टाकाव्यात, टीव्हीच्या छत्रीची वायरसुद्धा. बटन बंद करून भागत नाही. जी वीज आभाळातून जमिनीपर्यंत उडी मारते तिला बटनातली चार-दोन मिलिमीटरची फट काय अडवणार? वीज डोक्यावर कडाडू लागल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नये. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरे पहाटेच कुलूपबंद होतात आणि दुपारी वादळ येते. तेव्हा पिना काढून मगच जंगलात जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते, ते घरातल्या तरुण मुलामुलींनी घेऊन ठेवावे. आणि लाइन परत आली की एक दिवा लावून पाच मिनिटे पाहावे. उजेड स्थिर असला तर मग बाकीचे.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्या बऱ्याच गावांत बौद्ध वस्ती गावाच्या टोकाला आहे. ती तिथे का आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. वस्ती टोकाला म्हणून तारही टोकाला, खांबही शेवटचा. तार जितकी लांब तितके व्होल्ट वाटेत कमी होतात, जोड वाढतात, जोड वाढले की सैल पडण्याच्या जागा वाढतात. संध्याकाळी सगळे गाव दिवे लावते तेव्हा शेवटच्या खांबावर पंखा रांगतो.

आणि हे कुठे? दुर्गापूरच्या २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राच्या जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची पाच लाख व्होल्टची वाहिनी गेली आहे. साडेसातशे किलोमीटरवर वीज धडपणे पोचवण्याची विद्या आपल्याकडे आहे. मग डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत का नाही? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीच्या धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि भरपूर विजेची गरज मांडली, ती गरिबी हटवण्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज हवी, या विचाराने. त्यांच्या जयंतीची रोषणाई आकडा टाकून करणे म्हणूनच मला खटकते. तात्पुरती जोडणी रीतसर मिळते, विहाराच्या वर्गणीत ती बसते. आकड्याच्या सैल जोडाने विहाराचा ॲम्प्लिफायर जळाला तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

तक्रारीविषयी. आपण अजूनही 'बोर्डाचा लाइनमन' म्हणतो, पण वीज मंडळाचे विभाजन २००५ मध्ये झाले. आता पुरवठा महावितरणकडे आहे आणि तिच्यावर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे नियम लागू आहेत. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट, असावा. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. वीजपुरवठा ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. शॉकने माणूस किंवा जनावर दगावले तर विद्युत निरीक्षकांना लेखी कळवावे.

एकेकट्याने जाऊ नये. वस्तीच्या लेटरहेडवर नव्हे, साध्या कागदावर एकच अर्ज करावा. त्यात डीपीचे नाव, खांबाचा नंबर असेल तर तो, तारीख, वेळ, किती घरांत जास्त आणि किती घरांत कमी लाइन आली, आणि प्रत्येक सहीपुढे त्या घराचा ग्राहक क्रमांक लिहावा. जळालेल्या वस्तूचा फोटो आणि दुरुस्तीची पावती जोडावी. पावतीवर दुकानदाराकडून कोणता भाग जळाला ते लिहून घ्यावे. "न्यूट्रलचे जोड तपासावेत, डीपीचे अर्थिंग तपासावे, शेवटच्या खांबावरचे व्होल्ट संध्याकाळी सात वाजता मोजावेत" अशी मागणी नेमक्या शब्दांत करावी. सकाळी मोजले तर ते ठीकच निघतील. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. मी स्वतः कारकून आहे. शिक्का नसलेला कागद फायलीत कुठे जातो ते मला माहीत आहे.